उसनं गाव

अब्बांच्या इंतकालाला चार वर्षं झाली आणि आमच्या अष्टमीच्या घराचं चित्र पहिल्यांदा कागदावर आलं. घराचं म्हणजे, घराच्या जागी जे उभं राहणार होतं त्याचं. बिल्डरने गुळगुळीत कागदावर छापून दिलेलं ते चित्र भाईंनी ओट्यावर सगळ्यांसमोर पसरलं. पाच मजले, गुलाबी आणि पिवळा रंग, कमानीच्या खिडक्या, सज्जातून लोंबणारी फुलं. खाली छापलं होतं, 'इटालियन एलिव्हेशन'.

अम्मांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "यात विहीर कुठे आहे?"

"विहीर नसेल अम्मा, गच्चीवर टाकी असेल," भाई म्हणाले.

भाई दोह्याहून रजेवर आले होते. आपा बर्मिंगहॅमहून, मुलांच्या शाळेला ऑक्टोबरात आठवड्याची सुटी असते तेवढ्यात आली होती. आम्ही पेणहून, दिवाळीच्या सुटीत. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर तिघं भावंडं एका छपराखाली पहिल्यांदाच जमलो होतो. भाईंना निकाल लवकर हवा होता. ते म्हणाले, "चित्रावरून कळत नाही. उद्या सगळे लवासाला जाऊ. असंच बांधकाम आहे तिथे. डोळ्यांनी बघा, मग बोला."

आमचं घर रोह्याच्या समोर, कुंडलिकेच्या अलीकडच्या काठाला, अष्टमीच्या मोहल्ल्यात आहे. त्याचा आराखडा कोणी काढलेला नाही. आजोबा जहाजावर खलाशी होते. त्यांनी सागवानी खांबांची पडवी, माजघर आणि वरचा माळा बांधला. अब्बा १९७८ साली कुवेतला गेले. दर दोन वर्षांनी रजेवर आले की घराला काहीतरी जोडून जात. एका रजेत मोझॅकची फरशी, एका रजेत खिडक्यांना लोखंडी जाळ्या, एका रजेत मागची स्लॅबची खोली. तिच्यावर आणखी एक खोली चढवायची होती. पण ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि अब्बा एका पिशवीनिशी परत आले. त्या न झालेल्या खोलीच्या सळ्या आजही स्लॅबवर उभ्या आहेत. अम्मा त्यांच्यावर मिरच्यांची सुपं अडकवतात.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही निघालो. दोन गाड्या, अम्मा पुढच्या सीटवर, मुलं मागे. कोलाड गेलं, सुतारवाडी गेली, विळ्यावरून गाडी ताम्हिणीच्या घाटाला लागली. पाऊस नुकताच संपलेला, कड्यांवरून अजून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. विळ्याच्या आसपास आम्ही मुलांना उत्तरेकडे बोट करून सांगितलं की तिकडे भिरा आहे. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून आपली कुंडलिका वैशाखातही आटत नाही आणि म्हणूनच कोलाडला शहरातले लोक रबरी होड्यांतून उड्या मारायला येतात.

घाट चढून मुळशीच्या तलावाकाठी आलो तेव्हा आपाच्या मुलाने विचारलं, "इथे आधी काय होतं?"

इथे गावं होती. टाटांच्या वीज कंपनीने हे धरण बांधायला घेतलं तेव्हा मुळशी पेट्यातले मावळे त्याविरुद्ध उभे राहिले. १९२१ ते १९२४ असा तो सत्याग्रह चालला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते त्यातूनच. धरणांविरुद्ध देशात झालेल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी हा एक. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली आणि मुंबईला वीज मिळाली. हे आम्ही पाठ्यपुस्तकासारखं भराभरा सांगून टाकलं. पण सांगता सांगता आमच्याच मनात एक गोष्ट अडकली. लहानपणापासून आम्ही ज्या नदीत डुंबलो, तिचं उन्हाळ्यातलं पाणी या बुडालेल्या गावांवरून येतं. आम्ही कधी कोणाचं काही हिरावलं नाही, असं आम्हाला वाटत होतं.

पिरंगुटच्या बाजूने वळून, मुठा गाव मागे टाकून, टेमघरच्या धरणावरून रस्ता चढत जातो आणि मग एका वळणावर खाली ते दिसतं. निळं पाणी, त्याच्या काठाने अर्धगोलात पिवळ्या, केशरी, विटकरी रंगांच्या इमारती, उतरती लाल छपरं. मुलं ओरडली. खोटं कशाला बोलावं, आम्हालाही ते आवडलं. सह्याद्रीच्या घडीत कोणीतरी रंगाची पेटी सांडून गेल्यासारखं ते दिसत होतं.

लवासा नावाचं गाव इथे कधी नव्हतं. ते नाव घडवून घेतलेलं आहे. मोसे नदीच्या या खोऱ्यात दासवे, मुगाव, धामणओहोळ अशी गावं होती आणि आहेत. वरसगाव धरणाने या खोऱ्यातली काही गावं आधीच बुडवली होती. त्या धरणाच्या पाण्याकाठी २००० नंतरच्या दशकात हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने हे डोंगरी शहर उभारायला घेतलं. आराखडा अमेरिकेतल्या एचओके या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा. पाच नगरं होणार होती, वस्ती लाखांनी मोजावी लागेल असा अंदाज होता. दासवे हे त्यातलं पहिलं. नमुना घेतला तो इटलीच्या किनाऱ्यावरच्या पोर्टोफिनो या बंदराचा. ते मूळचं मच्छीमारांचं गाव, रंगीत घरांसाठी नावाजलेलं.

आम्ही तलावाकाठच्या फरसबंदीवर चालू लागलो. फोटो काढणारी जोडपी होती, सायकली भाड्याने देणारा एक मुलगा होता, वडापावची गाडी होती. इथे एका विद्यापीठाचं संकुल आहे, त्यातली मुलं-मुली घोळक्याने फिरत होती. त्यामुळे गाव अगदी ओस होतं असं म्हणता येणार नाही. पण वरच्या मजल्यांकडे नजर गेली की खिडक्यामागून खिडक्या बंद. दोरीवर कपडा नाही, कुकरची शिट्टी नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. काही भिंतींचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, छपराच्या कडेला पिंपळाचं रोप धरलेलं.

भाई म्हणाले, "बघा, काय काम आहे! इतक्या वर्षांनीसुद्धा शोभा गेली नाही."

अम्मा बाकावर बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे मय्यत झाली तर खांदा कोण देतं?"

कोणी उत्तर दिलं नाही. चहाच्या टपरीवाल्याने मात्र ऐकलं. तो तिथल्याच खोऱ्यातला होता. म्हणाला, "आमच्या गावात आम्ही देतो, आजी. इथे राहतंय कोण?"

मग आपाने फोन काढून एक फोटो दाखवला. आम्हाला वाटलं लवासाचाच. तीच रंगीत घरं, तेच पाणी, मागे हिरवे डोंगर. पण तो वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्टमेरियन नावाच्या गावाचा होता. आपा गेल्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथे गेली होती.

"तेही पोर्टोफिनोसारखंच दिसतं असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "पण ते एका माणसाने बांधलं. एकट्याने, पन्नास वर्षं."

त्या माणसाचं नाव क्लॉ विल्यम्स-एलिस. तो वास्तुरचनाकार होता. १९२५ साली त्याने ड्वायरिड नदीच्या मुखाशी पाच हजार पौंडांच्या आत एक जागा विकत घेतली. देखण्या जागेवर बांधकाम करूनही तिची शोभा राखता येते, हे त्याला लोकांना दाखवून द्यायचं होतं. पुढच्याच वर्षी त्याने तिथे हॉटेल सुरू केलं आणि त्याच्या कमाईतून, जमेल तसतशी, एकेक इमारत उभी केली. मधे महायुद्ध आलं, काम थांबलं, १९५४ नंतर पुन्हा सुरू झालं. तो १९७८ साली, नव्वदी ओलांडून वारला. गाव त्याच्या लहरीनुसार वाढलं. घुमट नाही म्हणून एक घुमट बांधला. खिडकी हवी पण खोली नाही, तर भिंतीवर खिडकी रंगवली. धक्क्याला एक होडी बांधली आहे, तीही दगडी, कुठेच न जाणारी. आपाच्या मुलांना तीच सर्वांत आवडली होती. खलाशाच्या पणतवंडांना दुसरं काय आवडणार!

"पण आम्हाला जे आवडलं ते वेगळंच," आपा म्हणाली. "त्याने पडलेल्या इमारतींना आश्रय दिला."

विलायतेत जुने वाडे पाडले जात होते, तेव्हा हा माणूस त्यांचे तुकडे विकत घेई आणि आपल्या गावात आणून बसवी. एमरल हॉल नावाचा सतराव्या शतकातला वाडा १९३० नंतरच्या दशकात पाडला गेला. त्यातलं हर्क्युलिसच्या कथा कोरलेलं छत त्याने उचलून आणलं आणि त्याच्यासाठी खाली दालन बांधलं. ब्रिस्टल शहरातली १७६० च्या सुमाराची खांबांची एक रांग बॉम्बहल्ल्यात मोडकळीला आली होती, तीही त्याने आणली. आपल्या गावाला तो पडलेल्या इमारतींचं घर म्हणत असे.

एकाच गावाच्या दोन छाया, असं आमच्या मनात आलं. पेणला गणपतीचे कारखाने रोज येता-जाता दिसतात. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्ती पुरी झाली असं तिथे कोणी मानत नाही. ती आखणी हाताने, एकेका मूर्तीसमोर बसून करावी लागते. दासव्याच्या घरांची आखणी कोणी केलीच नाही. मात्र पोर्टमेरियनचं कौतुक करतानाही एक गोष्ट विसरू नये, ती आपानेच सांगितली. तिथेही गाव म्हणावं असं कोणी राहत नाही. ते हॉटेल आहे. तिकीट काढून आत जायचं आणि संध्याकाळी बाहेर यायचं.

"मग फरक काय राहिला?" भाईंनी विचारलं.

आपाने उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाली, "त्याने जे घेतलं त्याचे पैसे चुकते केले, भाई. खांबसुद्धा विकत घेतले."

लवासाचं पुढे काय झालं ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेलं आहे. जमिनी कशा घेतल्या गेल्या याबद्दल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आणि कातकऱ्यांनी तक्रारी केल्या, आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटी घालून परवानगी मिळाली, पण तोवर गाडा रुतला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. बँका, घरं घेतलेले लोक, सगळे घेणेकरी रांगेत उभे राहिले. जुलै २०२४ च्या पावसात तर दरड कोसळून इथले बंगले गाडले गेले. ज्यांची जमीन मुळात गेली, त्यांचं घेणं त्या रांगेत कुठे मांडायचं, हा प्रश्न आम्ही भाईंना विचारला. विचारला आणि आमची जीभ अडखळली. कारण त्याच क्षणी आम्हाला फुफू आठवली.

फुफू म्हणजे अब्बांची एकुलती एक बहीण. पेणला दिली. आमच्या भाड्याच्या खोलीपासून दहा मिनिटांवर राहते. दर उन्हाळ्यात पोह्याच्या पापडांचा डबा आम्हाला देऊन अष्टमीला पाठवते. स्वतः अष्टमीला आली की आधी मागच्या दारी जाते, विहिरीत डोकावते, मग पडवीतल्या पहिल्या खांबाला हात लावून बसते. आजोबा गेले तेव्हा घर अब्बांच्या नावावर झालं. फुफूने काही मागितलं नाही. 'बहिणीने माफ केलं' असं घरात म्हणत. आपल्या कोकणात किती घरांत असं म्हटलं जातं ते वाचकांना आम्ही वेगळं सांगायला नको. तिला कोणी विचारलं होतं का, कधी, कोणासमोर, हे मात्र घरात कोणालाच आठवत नव्हतं.

अब्बांच्या जनाज्याच्या नमाजआधी भाईंनी सफेसमोर उभं राहून पुकारलं होतं की मय्यतीवर कोणाचं देणं असेल तर वारसांना सांगावं, आम्ही फेडू. कोणी पुढे आलं नाही. आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. फुफू त्या वेळी घरात बायकांमध्ये बसली होती. तिच्यापर्यंत ती हाक पोहोचण्याचं कारणच नव्हतं.

हे आम्ही तिथे, दासव्याच्या फरसबंदीवर, मोठ्याने बोलून टाकलं. भाईंचा चेहरा उतरला. रागावलेही. म्हणाले, "घर राखायचं म्हणून तू हे काढतोस."

आरोप अगदीच खोटा नव्हता. आदल्या रात्री आम्ही खांबांबद्दल, माळ्याबद्दल, अब्बांच्या फरशीबद्दल पुष्कळ बोललो होतो. पण आपाच्या हिश्श्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. घर राखलं की ते भावांच्या ताब्यात राहतं आणि बहिणीला त्यातून मिळते फक्त सुटीतली एक खोली. घर विकलं तर निदान वाटणी तरी करावी लागते. जुन्या घराचा आमचा सगळा जिव्हाळा आपाच्या आणि फुफूच्या पैशांवर उभा होता. तोही उसनाच म्हणायचा.

"बिल्डरचा कागद दे," अम्मा म्हणाल्या.

त्या इटालियन चित्राच्या कोऱ्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवतो, पण सूरह निसामध्ये सांगितलेले हिस्से स्वतःच्या घराला लावून कधी पाहिले नव्हते. आधी आजोबांचं घर. मुलाला दोन भाग, मुलीला एक. आजोबांमागून दादीही गेली आणि तिचा हिस्साही याच दोघांत वाटला जाणार. म्हणजे आजोबांनी बांधलेल्या घराचा आणि जागेचा तिसरा हिस्सा फुफूचा. मग उरलेलं आणि अब्बांनी जोडलेलं, ते अब्बांचं. त्याचे चाळीस भाग केले. अम्मांचा आठवा हिस्सा, म्हणजे पाच भाग. राहिले पस्तीस. भाईंचे चौदा, आमचे चौदा, आपाचे सात. पाच, चौदा, चौदा, सात. बेरीज चाळीस. टपरीवाला कप उचलायला आला आणि कागदाकडे बघत म्हणाला, "सातबारा आहे का?"

"तसंच काहीतरी," भाई म्हणाले. त्यांचा राग ओसरला होता. चाळिसाची बेरीज जुळल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहाचे पैसे दिले.

परतताना आम्ही अष्टमीला वळलो नाही. कोलाडहून हमरस्त्याने सरळ नागोठणे, वडखळ करत पेणला आलो. फुफू मगरिबची नमाज आटोपून जानमाजवरच बसली होती. भाईंनी तिच्यासमोर कागद उलगडला, चित्राची बाजू खाली ठेवून. सगळं सांगितलं. तिसरा हिस्सा, त्याची आजच्या भावाने किंमत काढायची, आणि इतकी वर्षं झालेली कुचराई. शेवटी म्हणाले, "फुफू, आम्हाला माफ कर."

आमची खात्री होती की ती रडेल, पदराने डोळे पुसेल आणि म्हणेल, मला काही नको, तुम्ही सुखी राहा. सच सांगायचं तर आमच्या मनात कुठेतरी तशी आशाही होती. माणूस किती पाजी असतो ते अशा वेळी कळतं.

फुफूने कागद हातात घेतला. तिला आकडे वाचता येतात. तिच्या एक तृतीयांशावर तिने बोट ठेवलं.

"घेईन," ती म्हणाली. "का नाही घेणार? माझ्या बापाचं घर आहे." थोडं थांबून म्हणाली, "मला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तेव्हाही घेतलं असतं. त्या वर्षी तुमच्या फुफांची नोकरी गेली होती."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिने आपाला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुझे किती?"

"सात," आपा म्हणाली.

"सोडू नकोस."

त्यानंतर घराची मोजणी झाली, किंमत निघाली. आम्ही शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं आहे, भाई दोह्याहून दर महिन्याला पाठवतात. फुफूची रक्कम तीन वर्षांत फिटेल, इन्शाअल्लाह. आपाची त्यानंतर. घर पाडायचं की राखायचं हा प्रश्न तोपर्यंत बाजूला ठेवला आहे. बिल्डरला तसं कळवलं. तो म्हणाला, तोवर भाव वाढतील, एलिव्हेशनची फॅशनही बदलेल. बदलू दे.

गेल्या महिन्यात पहिला हप्ता घेऊन आम्ही फुफूकडे गेलो. तिने नोटा मोजल्या, उशीखाली ठेवल्या आणि पापडांचा डबा पुढे केला. म्हणाली, "अष्टमीला गेलास तर पहिल्या खांबाच्या बुडाला बघ. वाळवी लागली आहे. मी दोनदा सांगितलं तुझ्या अम्माला."

आम्ही गेलो, पाहिलं. वाळवी लागली होती. आता रविवारी सुतार येणार आहे.